केकचं भांडं गळतं तेव्हा

खाचेत अडकलेला तो कण तिळाएवढा होता. काळपट, कडक, आधीच्या कुठल्यातरी केकचा वाळलेला चुरा, आणि बसला होता बरोब्बर कडीच्या खाली, जिथे भांड्याची गोल भिंत तळाच्या चकतीला येऊन भिडते तिथे. टूथपिकने टोकरून काढला तर टक्कन उडून ओट्यावर पडला. त्या एका कणामुळे चकती त्या बाजूला पुरती बसलीच नव्हती, केसाएवढी फट राहिली होती, आणि त्या फटीतून माझ्या भाचीच्या वाढदिवसाच्या केकचा चांगला एक तृतीयांश भाग ओव्हनच्या तळाशी जाऊन जळाला होता.

त्या दिवशी चॉकलेट केक करायचा होता, तो ज्यात सगळ्यात शेवटी कपभर गरम पाणी घालतात ना, तो. त्याचं बॅटर जवळजवळ दुधासारखं पातळ असतं, पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं, पण ते तसंच असायला हवं, त्यानेच केक ओलसर होतो. मी ते 8 इंची स्प्रिंगफॉर्म टिनमध्ये ओतलं, म्हणजे कडी उघडली की ज्याची भिंत सुटी होते आणि तळ वेगळा निघतो ते भांडं. ओव्हन 180 डिग्रीला तापलेला होता. भांडं आत ठेवलं, दार लावलं आणि पसारा आवरायला घेतला. सात-आठ मिनिटांत वास आला. केकचा नाही, साखर करपल्याचा, घशाशी येऊन बसणारा. दार उघडलं तर धूर, खाली काळे बुडबुडे फुगतायत आणि फुटतायत, आणि भांड्याच्या बुडाशी एक तपकिरी ओघळ लोंबतोय, टोकाला थेंब, थेंब पडला की लगेच दुसरा तयार. ताई बाजूलाच होती, म्हणाली, "बंद कर गं, राहू दे, आपण दुसरा करू." मला बंद करवेना. मी खालच्या जाळीवर एक ट्रे सरकवला, दार लावलं आणि खिडक्या उघडल्या. आणि थोड्या वेळाने काचेतून बघितलं तर गळणं थांबलं होतं. कोणी काही केलं नव्हतं, आपसूक थांबलं होतं.

केक निघाला तो जेमतेम दोन बोटं उंच. भाचीने खाल्ला, "छान झालाय मावशी" म्हणाली, आणि खरंच चवीला छान होता, पण मला फार वाईट वाटत होतं, कारण मी मैदा ग्रॅमवर मोजला होता, कोको दोनदा चाळला होता, अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवली होती, आणि ज्या गोष्टीकडे मी बघितलंच नाही तिथून सगळं निघून गेलं. त्या रात्री मला जळक्या ओव्हनपेक्षा जास्त छळत होतं ते हे, की गळायचं थांबलं का? फट तर तशीच होती.

त्याचं उत्तर मिळालं आणि मग बाकी सगळं एकेक करून उलगडत गेलं. आपण धरून चालतो की बॅटर ओव्हनमध्ये गेलं की घट्ट व्हायला लागतं. तसं होत नाही. आधी ते आणखी पातळ होतं. बटर 32 ते 35 डिग्रीला वितळतं, न विरघळलेली साखर विरघळते, आणि गरम झालं की दाट द्रव तसंही सैल पडतंच, त्यामुळे वाडग्यात चमच्यावरून जड जड पडणारं बॅटर पहिल्या काही मिनिटांत चक्क ओघळण्याच्या तयारीत असतं. मग साधारण 60 डिग्रीच्या पुढे मैद्यातला स्टार्च पाणी ओढून फुगायला लागतो, अंड्यातली प्रथिनं आवळायला लागतात, पांढऱ्या भागातली आधी, पिवळ्यातली थोडी नंतर, आणि साखर भरपूर असेल तर हे सगळंच जरा उशिरा, वरच्या तापमानाला होतं, कारण साखर पाणी स्वतःकडे धरून ठेवते. केकचा मधला भाग पूर्ण शिजतो तेव्हा तो 95 डिग्रीच्या आसपास पोचलेला असतो, पण गळतीशी मधल्या भागाचा काही संबंध नाही. फट काठाला असते, आणि काठ तापलेल्या पत्र्याला चिकटून असल्यामुळे सगळ्यात आधी शिजतो. एकदा काठचं बॅटर घट्ट झालं की तेच फटीत बुचासारखं बसतं. मग भांड्याला फट असो नसो, काही फरक पडत नाही.

म्हणजे भांड्याने धरून ठेवायचं असतं ते ओतल्यापासून काठ घट्ट होईपर्यंत, बस्स. माझ्या ओव्हनमध्ये साधारण केकला ती वेळ दहा-बारा मिनिटांची येते, चीजकेकसारख्या मंद आचेच्या गोष्टीला बरीच जास्त. हे कळल्यावर मी केकचं भांडं वेगळ्या नजरेने बघायला लागले. ते कायमचं पाणी धरून ठेवणारं भांडं असायला नकोच आहे, त्याने तेवढा वेळ निभावलं की झालं, आणि आपण जे काही करायचं ते तो वेळ कमी करायला नाहीतर तेवढ्या वेळापुरती फट बुजवायला.

वेळ कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय भांडं आत ठेवायचं नाही. अर्धवट तापलेल्या ओव्हनमध्ये बॅटर कोमट-पातळ अवस्थेत रेंगाळत राहतं आणि तेवढा वेळ गळत राहतं. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं मी समजायचे, आता विझल्यावरही दहाएक मिनिटं थांबते, कारण दार उघडलं की आतली गरम हवा भसकन बाहेर जाते आणि भिंती नीट तापलेल्या असतील तरच ती लगेच भरून निघते. दुसरं म्हणजे एक जाड ट्रे ओव्हनसोबतच तापवत ठेवायचा आणि भांडं त्या गरम ट्रेवर ठेवायचं. तळाला लगेच चटका बसतो, खालची कड लवकर शिजते, आणि गळलंच तर ट्रेवर गळतं. ट्रे भांड्यापेक्षा थोडासाच मोठा असावा, अख्ख्या जाळीभर पसरलेला ट्रे ठेवला तर आतली हवा खेळत नाही.

पण याच्याही आधी भांडं नीट बसवणं येतं, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगते. स्प्रिंगफॉर्मच्या भिंतीला आतून खालच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात तळाची कड बसते, आणि कडी आवळली की खाच त्या कडेला गच्च धरते. खाच स्वच्छ नसेल तर सगळं संपलं. आणि ती स्वच्छ दिसते पण नसते, कारण केकचा चुरा, साखरेचा पाक, जुनं तूप तिथे थर धरून बसतं आणि स्पंज तिथपर्यंत पोचतच नाही. मी आता भांडं धुताना कडी उघडून खाच गरम पाण्यात भिजवते, मग जुन्या टूथब्रशने गोल फिरत घासते, आणि वाळल्यावर बोटाचं नख त्यात घालून पूर्ण चक्कर मारते. नख कुठे अडलं की तिथे काहीतरी आहे.

बसवतानाही हवेत धरून कडी आवळायची नाही. सपाट ओट्यावर तळ ठेवायचा, त्याच्याभोवती भिंत उतरवायची, तळ सगळीकडून खाचेत गेलाय ना बघायचं, मगच कडी. मग भांडं उचलून दिव्याकडे धरायचं आणि आतून जोडाकडे बघायचं. उजेडाची बारीक रेघ दिसली तर कडी उघडून पुन्हा बसवायचं. त्या वाढदिवसाच्या दिवशी मी हे केलं असतं तर मला कडीच्या खाली अर्ध्या इंचाची रेघ नक्की दिसली असती. काही जण तळ उलटा बसवतात, उभी कड खाली करून, म्हणजे वरची बाजू सपाट राहते आणि केक सरकवून काढता येतो. मीही करते, बऱ्याच भांड्यांत ते चालतं, पण काही भांड्यांत उलटा तळ खाचेत तितका घट्ट बसत नाही, ते आपल्या भांड्याचं आपण बघून ठरवायचं.

पाण्याची परीक्षा मी नंतर केली. भांडं बसवून वर्तमानपत्राच्या कोऱ्या-कोरड्या कागदावर ठेवलं, दोन पेले पाणी ओतलं आणि बघत बसले. मिनिटभर काही नाही. मग कडीच्या डावीकडे कागदावर नखाएवढा ओला ठिपका उमटला, हळूहळू रुपयाएवढा झाला, आणि तिथेच. बाकी पूर्ण गोल कोरडा. भांडं "गळतं" असं आपण म्हणतो, पण ते एका जागी गळत होतं, आणि ती जागा मला आता माहिती झाली होती. भिंतीवर बाहेरून तिथे मार्करने खूण केली. एक लक्षात ठेवायचं, पाणी हे बॅटरपेक्षा कितीतरी पटीने पातळ आहे, त्यामुळे पाण्याचा एखादा थेंब झिरपला म्हणून भांडं वाया गेलं असं नाही, जाड बॅटर त्या फटीतून जाणारच नाही. धार लागली तर मात्र काळजीचं.

आणि हे भांडं मला वाया घालवायचं नव्हतं. ते आईचं आहे. तिने ते कितीतरी वर्षं वापरलंय, आतला मुलामा एका बाजूला उडालाय, कडीची स्प्रिंग सैल पडलीये, तळाला एक पोचा आहे जो मी लहान असताना माझ्या हातून पडून आलेला. ताई म्हणते नवीन घे. नवीन घ्यायला हरकत काहीच नाही, माझ्याकडे दुसरं आहेही, पण हे भांडं ओट्यावर काढलं की आईची सवय हात आपोआप करतात, कडी लावायच्या आधी अंगठ्याने भिंत दाबून धरायची, मग टक. ती तसं का करायची हे मी कधी विचारलं नव्हतं. आता कळतं, कडी सैल आहे हे तिला माहिती होतं, आणि अंगठ्याने दाबलं की खाच कडेला भिडते. माझ्या हातात ती सवय आली, तिच्यामागचं कारण आलं नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी घाईत मी तेही केलं नव्हतं.

अशा सैल भांड्याला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो कागदाचा. बेकिंगचा बटर पेपर तळापेक्षा सगळीकडून दोन-तीन बोटं मोठा कापायचा, तळावर पसरायचा, वरून भिंत उतरवायची आणि कडी लावायची, म्हणजे ढोलकीवर पान ताणलेलं असतं तसा कागद जोडात चिमटला जाऊन ताणून बसतो. बाहेर राहिलेला कागद खाली वळवायचा नाहीतर कात्रीने छाटायचा, लोंबता ठेवायचा नाही, ओव्हनच्या कॉइलला लागला तर पेटेल. हा कागद फटीत वॉशरचं काम करतो, नळाच्या जोडात वॉशर असतो ना तसंच. एकच थर घ्यायचा आणि जोडाच्या जागी घडी येऊ द्यायची नाही, घडीच्या बाजूनेच बॅटर वाट काढतं. आणि मेणकागद वापरायचा नाही, तो दिसतो सारखाच पण ओव्हनच्या उष्णतेत मेण वितळतं आणि धूर होतो. फारच पातळ बॅटर असेल तेव्हा मी कागदाचं मोठं चौकोनी पान चुरगळून, नळाखाली जरासं भिजवून, पिळून, अख्ख्या भांड्यात आतून दाबून बसवते, काठाच्या वर येईल असं. मग भांड्याच्या आत कागदाचं दुसरं भांडंच तयार होतं ज्याला जोड नाही. केकच्या कडांना चुण्या पडतात, दिसायला ओबडधोबड, मला त्या आवडतात.

कागद नसेल तर लिंपायचं. मैदा, तेल आणि घट्ट वनस्पती तूप समान मापाने घेऊन फेटलं की पांढरा मऊ लेप होतो, तो भांड्याला लावला की केक चिकटत नाही हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण तोच लेप जोडावर बोटाने जरा जाड फिरवला तर फटही बुजते. नुसतं बटर लावून फ्रिजमध्ये थिजवायचं असंही सांगतात, आणि ते ओतताना खरंच उपयोगी पडतं, पण बटर 35 डिग्रीलाच सोडून देतं आणि बॅटर घट्ट व्हायला त्याच्या कितीतरी पुढे जावं लागतं, म्हणजे मधल्या नेमक्या धोक्याच्या वेळात ते तिथे नसतंच. मैदा घातलेला लेप टिकतो कारण मैदा ओलावा मिळाला की स्वतःच शिजून घट्ट होतो. याच हिशोबाने मी कधी कधी तयार बॅटरमधलेच दोन चमचे बाजूला काढून त्यात चमचाभर मैदा जास्तीचा घालते आणि ते दाट मिश्रण जोडावरून आतून फिरवते, विशेषतः मार्करची खूण आहे तिथे. केकमध्ये ते कळतही नाही.

बॅटर ओतल्यावर भांडं ओट्यावर आपटायची सवय असते, हवेचे बुडबुडे जावेत म्हणून. अखंड भांड्यात खुशाल आपटा. जोडाच्या भांड्यात आपटलं की नीट बसलेला तळ खाचेतून हलतो, आणि सुट्या तळाच्या भांड्यात तर, म्हणजे ज्याला कडी नसते, तळ नुसता खालच्या कठड्यावर टेकलेला असतो, त्यात आपटण्याने तळ चक्क उचलला जातो आणि बॅटर खाली शिरतं. ते भांडं उचलतानाही तळाला हात लागता कामा नये, भिंतीला धरूनच उचलायचं. बुडबुड्यांसाठी मी टूथपिक घेऊन बॅटरमध्ये इंग्रजी आठ काढत फिरवते, होतं काम.

ओतू जाणं आणि गळणं यात लोक गल्लत करतात, ओव्हन दोन्हीत खराब होतो म्हणून असेल. बॅटर वरून आलं असेल तर जोडाचा काही दोष नाही, भांडं लहान पडलं नाहीतर फुगवायचं साहित्य जास्त झालं. इथे इंचांचा हिशोब फसवतो. 8 इंची आणि 9 इंची गोल भांडं शेजारी ठेवलं तर फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही, पण 9 इंचीचा तळ 8 इंचीपेक्षा सव्वापटीहून जरा जास्त असतो, कारण इंच वाढतो तो चारी बाजूंनी. 9 इंची गोल आणि 8 इंची चौकोनी यांचा तळ मात्र जवळजवळ सारखा, दोन्ही साधारण 64 चौरस इंच, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरता येतात. 6 इंचीत 8 इंचीच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त मावतं. 20 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच गोल भांड्यात काठोकाठ साधारण दीड लिटरच्या वर मावतं, त्यात बॅटर एक लिटरच्या आसपासच घालायचं, म्हणजे दोन तृतीयांश. उरलेल्याचे छोटे कपकेक करायचे. उरलेलं तेवढं कशाला ठेवायचं म्हणून सगळं ओतलं, तर ते केकमध्ये राहत नाही, खाली जळतं.

चीजकेक हा वेगळाच विषय आहे, कारण तिथे गळती दोन्ही बाजूंनी होते. बिस्किटांच्या चुऱ्यात मिसळलेलं बटर वितळून बाहेर येतं, आणि भांडं पाण्यात ठेवून भाजायचं असेल तर पाणी आत जातं. ट्रेवर पिवळट, पारदर्शक, तेलकट थेंब दिसले तर ते बटर आहे, त्याने घाबरायचं नाही, चीजकेक व्यवस्थित आहे. पण पाणी आत गेलं की बिस्किटांचा तळ लगदा होतो आणि त्याला उपाय नाही. सगळे सांगतात फॉइल गुंडाळा, मीही गुंडाळत होते आणि तरी तळ ओला व्हायचा, आणि एक दिवस पट्टी घेऊन मोजलं तेव्हा कळलं का ते. माझी घरातली फॉइल 30 सेंटिमीटर रुंद. भांड्याचा तळ 23, दोन्हीकडची भिंत 7 आणि 7, झाले 37. म्हणजे एका पानात भांडं काठापर्यंत झाकलंच जात नाही. म्हणून मी दोन पानं शेजारी जोडून घ्यायचे, आणि ती जोडाची रेघ यायची बरोब्बर भांड्याखाली, पाण्याच्या तळाशी. गळकं भांडं झाकायला मी आणखी एक जोड तयार करत होते. 45 सेंटिमीटर रुंदीची फॉइल मिळते, तिचं एक अखंड पान, त्यावर आडवं दुसरं, काठापर्यंत वर ओढून, आणि अंगठी काढून ठेवून, कारण नखाने किंवा अंगठीने पडलेलं टाचणीएवढं भोक पुरतं.

तरीसुद्धा फॉइलच्या आत थोडं पाणी सापडतं कधी कधी, वाफ आत शिरून थंड होऊन साचते, फॉइल कुठेही फाटलेली नसताना. म्हणून आता मी फॉइलच्या नादाला कमी लागते. स्प्रिंगफॉर्म टिन त्याच्यापेक्षा इंचभर मोठ्या अखंड भांड्यात ठेवते, आणि ते मोठं भांडं पाण्याच्या ट्रेमध्ये. मधल्या हवेमुळे भाजायला थोडा वेळ जास्त लागतो, पण पाणी आत जायला वाटच नाही. केक शंभर डिग्रीच्या वर न जाणाऱ्या पाण्याच्या सावलीत सावकाश शिजावा एवढंच आपल्याला हवं असतं, ते तसंही साधतं.

आणि माझं स्पष्ट मत असं आहे, की साध्या केकला स्प्रिंगफॉर्म लागतच नाही. जे पदार्थ उलटे करता येत नाहीत, चीजकेक, मूस, वरती फळं रचलेले केक, त्यांच्यासाठी ते भांडं आहे. गरम पाण्याचा चॉकलेट केक, तेलाचा केक, जे जे ओतताना धार लागते ते सगळं अखंड भांड्यात, तळाला कागद घालून, दहा मिनिटं निवू देऊन उलटं करायचं, छान निघतं. जाड, चमच्याने ढकलावं लागणारं बटर केकचं बॅटर आणि अंड्याच्या फेसाने हलकं झालेलं बॅटर सुट्या तळातही गळत नाही, फेसाचं बॅटर तर इतकं स्वतःला धरून असतं की उंच, मध्ये नळी असलेल्या सुट्या तळाच्या भांड्यात ते मुद्दाम काही न लावता ओततात, भिंतीला धरून वर चढावं म्हणून. कुठलं बॅटर कुठल्या भांड्यात एवढं आधी ठरवलं तर निम्म्या गळत्या होणारच नाहीत.

एवढं करून गळलंच तर, माझ्या त्या दिवशीच्या अनुभवावरून सांगते, केक बाहेर काढू नका. बाहेर काढलं की काठ शिजायचा थांबतो आणि गळत राहतं, शिवाय हलवल्याने फुगलेलं खाली बसतं. खालच्या जाळीवर पटकन ट्रे सरकवा, दार लावा, खिडकी उघडा. ज्वाळा दिसली तर मात्र दार बंदच ठेवून ओव्हन बंद करायचा, तिथे केकचा विचार करायचा नाही. ओव्हनच्या तळावर आधीपासून फॉइल अंथरून ठेवायचीही बऱ्याच जणांना सवय असते, ती सोडलेली बरी, त्याने उष्णतेची वाट अडते आणि काही ओव्हनमध्ये ती तळाच्या मुलाम्याला कायमची चिकटते. गळल्यावर केकची जाडी कमी झालेली असते, तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या बराच आधी सुरी घालून बघायची. ओव्हन पूर्ण गार झाला की लाकडी उलथन्याने खरवडायचं, खायच्या सोड्याची पाण्यात केलेली पेस्ट डागावर रात्रभर ठेवायची, कॉइलला लावायची नाही, सकाळी ओल्या फडक्याने पुसलं की बहुतेक निघून येतं. माझ्या ओव्हनवर एक तांबूस डाग राहिलाय अजून.

परवा भाची आली होती, म्हणाली तोच केक कर, त्या दिवशीचा. मी अखंड भांडं काढणार होते, पण ती आजीचं भांडं म्हणून हटून बसली, तिला ती कडी लावताना येणारा आवाज आवडतो. मग टूथब्रशने खाच घासली, नख फिरवलं, कागदाचं मोठं पान भिजवून आतून दाबून बसवलं. कडी तिला लावू दिली. तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून सांगितलं, आधी इथे दाब, आता लाव, आणि तिने का असं विचारलं तेव्हा भांडं दिव्याकडे धरून दोन्ही दाखवलं, न दाबता राहणारी रेघ आणि दाबल्यावर गेलेली. पहिली पंधरा मिनिटं आम्ही दोघी ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर बसून होतो, ती मोबाइलचा टॉर्च खाली ट्रेवर धरून. एकदा "मावशी, थेंब!" म्हणाली, बघितलं तर काचेवरचाच डाग होता. ट्रे शेवटपर्यंत कोरडा राहिला.